फुटणाऱ्या देशातील अजिंक्यपद : बडोदे, मार्च १९४७

१/
मार्च १९४७. बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू होता. यजमान बडोद्याचे ३ गडी ९१ धावांत बाद झाले होते. त्यानंतर दोन फलंदाज एकत्र आले, ते धावफलकावर ६६८ धावा लागेपर्यंत वेगळे झाले नाहीत. त्यांतले एक सांगलीत जन्मलेले मराठी ख्रिस्ती, तर दुसरे लाहोरचे पंजाबी मुसलमान. पुढे पाच महिन्यांनी त्या दोघांची जन्मगावे दोन निराळ्या देशांत गेली. त्या हंगामाची, त्या संघाची आणि नंतर जे घडले त्याची ही हकिकत.

२/
देश फुटत असताना मिळालेल्या अजिंक्यपदाचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण फुटबॉलमधले आहे. २९ मे १९९१ रोजी इटलीतील बारी येथे रेड स्टार बेलग्रेड या युगोस्लाव्ह क्लबने फ्रान्सच्या मार्सेलला हरवून युरोपियन चषक जिंकला. सामना गोलशून्य राहिला आणि निकाल पेनल्टी किकवर लागला. निर्णायक किक मॅसिडोनियाच्या पान्चेव्हने मारली. पुढे क्रोएशियाकडून खेळलेला प्रोसिनेच्की त्याच संघात होता. चार आठवड्यांनी, २५ जूनला, क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. खेळाडू युरोपभर विखुरले आणि युगोस्लाव्हिया युद्धात मोडून पडला.

३/
ही कथा ऐकून हळहळणाऱ्या मराठी वाचकाला तशीच, किंबहुना अधिक गुंतागुंतीची, कथा आपल्या घरातही आहे याची सहसा कल्पना नसते. फरक इतकाच की येथे खेळ क्रिकेट आहे, संघ एका संस्थानाचा आहे, आणि फुटलेला देश आपला आहे.

४/
आरंभ सांगलीपासून. सांगली, मिरज आणि कुपवाड ही आज एकाच महानगरपालिकेच्या नावात जोडलेली आहेत. त्या काळी मात्र सांगली आणि मिरज या वेगवेगळ्या पटवर्धन संस्थानांच्या राजधान्या होत्या. दोहोंमधले अंतर थोडे, पण गादी वेगळी, दरबार वेगळा. या सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म झाला.

५/
हजारे प्रथम महाराष्ट्राच्या संघातून खेळू लागले. त्यांच्यातली गुणवत्ता ओळखणाऱ्यांत देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार हे अग्रगण्य होते. हजाऱ्यांना शिकवण्यासाठी त्यांनी ऑस्ट्रेलियाचे विख्यात लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांना पाचारण केले. ग्रिमेट यांनी हजाऱ्यांची फलंदाजीची काहीशी वेगळी ढब न बदलण्याचा सल्ला दिला, असे सांगितले जाते. हेच विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि छत्रपती शहाजी महाराज झाले.

६/
१९३९-४० च्या हंगामात पुण्यात हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. समोरचा संघ होता बडोद्याचा. थोड्याच काळात बडोद्याच्या महाराजांनी, प्रतापसिंहराव गायकवाडांनी, हजाऱ्यांना आपल्या पदरी घेतले. ज्याने आपल्या गोलंदाजांना झोडपले त्यालाच नोकरी देऊन आणावे, ही संस्थानी क्रिकेटची रीतच होती.

७/
ती रीत समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. रणजी करंडक प्रांतांचा आणि संस्थानांचा होता. प्रांतांचे संघ बहुधा स्थानिक खेळाडूंवर चालत. संस्थानिकाला मात्र हवा तो खेळाडू नोकरीच्या निमित्ताने ठेवून घेता येई. इंदूरच्या होळकरांनी सी. के. नायडू यांना असेच जवळ केले होते. बडोद्याने हजाऱ्यांबरोबर पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी, लाहोरचे अमीर इलाही आणि लाहोरचेच गुल महंमद यांना आपल्या संघात आणले.

८/
गुल महंमद १९२१ चे. बुटके, डावखुरे आणि चपळ. कव्हरला त्यांच्यासारखा क्षेत्ररक्षक भारतात क्वचितच होता. लाहोरच्या मातीत वाढलेला हा तरुण उत्तर हिंदुस्थानच्या संघाकडून खेळू लागला होता. पुढे गायकवाडांच्या बडोद्यात येऊन तो हजाऱ्यांचा सहकारी झाला.

९/
याच वर्षांत मुंबईत क्रिकेटचे दुसरेच रूप दिसत होते. तेथील पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावर ठरत : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘शेष’ संघ. ख्रिस्ती म्हणून हजारे शेष संघात. १९४३-४४ च्या स्पर्धेत त्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा केल्या. अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध शेष संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्या डावात त्यांचे धाकटे बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली. विवेक यांचा वाटा २१ धावांचा. एवढे करूनही सामना हिंदू संघानेच जिंकला.

१०/
पंचरंगी सामन्यांना गर्दी अफाट होई. खेळाडूंमध्ये वैर होते असे नव्हे, परंतु प्रेक्षकांना धर्मागणिक वाटून बसवणारी ती रचना काळाबरोबर अधिकाधिक धोकादायक वाटू लागली. १९४० मध्ये गांधीजींनी अशा सामन्यांविरुद्ध मत दिले होते. अखेर १९४५-४६ च्या हंगामानंतर ही स्पर्धा कायमची बंद झाली. म्हणजे धर्मावर उभे असलेले क्रिकेट संपले, त्याच्या पुढच्याच वर्षी देशाची वाटणी धर्मावर झाली.

११/
१९४६ च्या उन्हाळ्यात पतौडीच्या नबाबांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. अखंड हिंदुस्थानचा तो शेवटचा संघ. हजारे आणि गुल महंमद दोघेही त्यात होते. पुढे पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार झालेले अब्दुल हफीझ कारदारही होते. ओव्हलवरची तिसरी कसोटी १७ ऑगस्टला सुरू झाली. त्याच्या आदल्याच दिवशी कलकत्त्यात ‘प्रत्यक्ष कृती दिना’च्या कत्तलींना तोंड फुटले होते. संघ मायदेशी परतला तो अशा देशात.

१२/
हिवाळ्यात रणजीचा हंगाम सुरू झाला. नोआखाली, बिहार अशी नावे रोज वर्तमानपत्रांत येत होती. २० फेब्रुवारी १९४७ रोजी पंतप्रधान ॲटली यांनी जाहीर केले की ब्रिटिश जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडतील. सत्ता कोणाच्या हाती द्यायची, हे मात्र ठरलेले नव्हते. याच सुमारास बडोदे आणि होळकर हे दोन संघ अंतिम सामन्याकडे निघाले होते.

१३/
आदल्या वर्षीचा अंतिम सामनाही याच दोघांत झाला होता आणि तो होळकरांनी जिंकला होता. पन्नाशी ओलांडलेले नायडू, सलामीचे मुश्ताक अली, अष्टपैलू चंदू सरवटे अशी नामांकित मंडळी त्या संघाशी जोडलेली होती. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत होळकर संघ १० वेळा अंतिम फेरीत पोचला. असा दबदबा असलेल्या प्रतिस्पर्ध्याशी बडोद्याची गाठ होती.

१४/
सामन्याला आणखी एक पदर होता. गायकवाड आणि होळकर ही दोन्ही पेशवाईतली मराठा सरदार घराणी. अठराव्या शतकात त्यांच्या फौजा गुजरात आणि माळवा पालथा घालीत. आता इंग्रजी अमलाच्या शेवटच्या वर्षी त्यांची नावे घेऊन अकरा अकरा माणसे पांढऱ्या कपड्यांत समोरासमोर उभी होती.

१५/
होळकर संघाचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला. बडोद्याची सुरुवातही डळमळीतच होती. ३ बाद ९१ वर हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली. एक उजवा, संयमी, चेंडू जमिनीवरून खेळणारा. दुसरा डावखुरा, धावण्यात चपळ, फटक्यांत मोकळा. दोघांनी मिळून ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८.

१६/
पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधली ती तोवरची सर्वांत मोठी भागीदारी होती. याआधीचा विक्रम अवघ्या वर्षभरापूर्वीचा. वेस्ट इंडीजमध्ये फ्रँक वॉरेल आणि क्लाइड वॉलकॉट यांनी बार्बाडोसकडून नाबाद ५७४ धावा जोडल्या होत्या. बडोद्याचा डाव ७८४ वर संपला, होळकर दुसऱ्यांदा १७३ धावांत बाद झाले. एक डाव आणि ४०९ धावांनी विजय मिळवून बडोद्याने करंडक जिंकला.

१७/
त्याच महिन्यात लाहोरात काय चालले होते? २ मार्चला पंजाबचे मुख्यमंत्री खिज्र हयात तिवाना यांनी राजीनामा दिला. ४ मार्चपासून लाहोर आणि अमृतसरमध्ये दंगली पेटल्या. ५ मार्चला गव्हर्नरची राजवट आली. रावळपिंडीच्या आसपासच्या खेड्यांत शीखांची आणि हिंदूंची कत्तल झाली. ८ मार्चला काँग्रेस कार्यकारिणीने पंजाबच्या विभागणीचा ठराव केला. गुल महंमदांचे नाव विक्रमांच्या पुस्तकात लिहिले जात असताना त्यांच्या गावाचे भवितव्य असे लिहिले जात होते.

१८/
मैदानावर भिडलेली दोन संस्थाने राजकारणातही दोन दिशांना गेली. बडोद्याने लवकर निर्णय घेतला. २८ एप्रिल १९४७ रोजी घटना समितीत ज्या मोजक्या संस्थानांचे प्रतिनिधी दाखल झाले, त्यांत बडोदे होते. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी मात्र भोपाळच्या नबाबाशी हातमिळवणी करून अखेरपर्यंत चालढकल केली. त्यांचा सामीलनामा दिल्लीला पोचला तो १५ ऑगस्टला, टपालाने.

१९/
३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली. भारतीय संघाला हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाला जायचे होते आणि निवड अखंड हिंदुस्थानातून झाली होती. सरावाचे शिबिर पुण्यात ठेवले होते, नेमके १५ ऑगस्टच्या सुमारास. लाहोरचा वेगवान गोलंदाज फझल महमूद त्यासाठी पुण्यात आला होता. पुण्याहून मुंबईला जाताना आगगाडीत काही जण आपल्या अंगावर आले आणि सी. के. नायडूंनी बॅट उगारून आपल्याला वाचवले, असे फझल यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. ते लाहोरला पोचले आणि ऑस्ट्रेलियाला न जाता पाकिस्तानचे खेळाडू झाले.

२०/
गुल महंमद आणि अमीर इलाही यांनी वेगळा मार्ग धरला. दोघेही लाहोरचे, दोघांचे घर आता पाकिस्तानात, तरी दोघेही लाला अमरनाथ यांच्या भारतीय संघातून ऑस्ट्रेलियाला गेले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या परदेश दौऱ्यावर बडोद्याचे हजारे, अधिकारी, गुल महंमद आणि इलाही असे चौघे होते. संघ निवडला तेव्हा देश एक होता. खेळायला उतरला तेव्हा तो दोन झाला होता.

२१/
जानेवारी १९४८, ॲडलेड. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या, त्यात ब्रॅडमनचे द्विशतक. भारताच्या पहिल्या डावात हजारे ११६ आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर १२३. सांगलीकर आणि कोल्हापूरकर यांनी मिळून १८८ धावांची भागी केली. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत ७ बळी घेतले आणि भारताचे सहा फलंदाज शून्यावर बाद झाले. तरीही हजाऱ्यांनी १४५ धावा काढल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. साथ दिली ती बडोद्याच्याच हेमू अधिकाऱ्यांनी. सामना मात्र एक डाव आणि १६ धावांनी गेला.

२२/
तो सामना २८ जानेवारीला संपला. ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर सांगली, कोल्हापूर, सातारा या भागांत ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. फाळणीच्या आगीपासून दूर राहिलेल्या दक्षिण महाराष्ट्राला अशी वेगळ्याच कारणाने झळ बसली. हजारे त्या वेळी हजारो मैल दूर होते. त्यांच्या जन्मगावचा जुना समाज मात्र त्या दिवसांत कायमचा बदलून गेला.

२३/
आणि मग संस्थाने गेली. ८ मार्च १९४८ रोजी सांगली, मिरज व दख्खनची अन्य संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा बनला, तोच १९६० पासून सांगली जिल्हा. होळकरांचे इंदूर मध्य भारतात गेले. १ मे १९४९ रोजी बडोदेही विलीन झाले. बडोद्याच्या आणि होळकरांच्या संघांची नावे मात्र रणजी करंडकात काही काळ तशीच राहिली. राज्ये संपली तरी त्यांचे संघ खेळत होते.

२४/
या विसंगतीचे एक नमुनेदार उदाहरण डिसेंबर १९४८ चे. पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर, मूळचे कोल्हापूरचे, ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम ९ धावा दूर होता. तेवढ्यात प्रतिस्पर्धी कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामना सोडून दिला. त्यांचा संघ होता काठियावाड. काठियावाडची संस्थाने तोवर सौराष्ट्र संघराज्यात विरून गेली होती.

२५/
ज्यांचे संघ संपले त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. फाळणीनंतर रणजी करंडकाच्या तक्त्यातून सिंध, नॉर्दर्न इंडिया आणि वायव्य सरहद्द प्रांत ही नावे गळाली. लाहोर आणि कराचीची मैदाने भारतीय क्रिकेटची पाळणाघरे होती. ती एका रात्रीत परदेशी झाली.

२६/
ऑक्टोबर १९५२, दिल्ली. भारत आणि पाकिस्तान यांची पहिली कसोटी. भारताकडून हजारे, अधिकारी आणि गुल महंमद. पाकिस्तानकडून अमीर इलाही. एकाच बडोदे संघातली माणसे आता दोन राष्ट्रांच्या टोप्या घालून एकमेकांसमोर आली होती. त्यांतही दोन लाहोरकर दोन बाजूंना. हजारे ७६, अधिकारी नाबाद ८१, आणि भारताचा डावाने विजय.

२७/
गुल महंमदांना शेवटी लाहोरनेच परत बोलावले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ते पाकिस्तानचे नागरिक झाले. १९५६ मध्ये कराचीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ते पाकिस्तानकडून एकच कसोटी खेळले. विजयाच्या क्षणी ते २७ धावांवर नाबाद होते. कारदार, इलाही आणि गुल महंमद अशा तिघांनीच भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांकडून कसोटी क्रिकेट खेळले. तिघांतले दोघे बडोद्याचे. गुल महंमद १९९२ मध्ये लाहोरात वारले.

२८/
हजारे बडोद्यातच राहिले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तेच होते. त्यांना आश्रय देणाऱ्या प्रतापसिंहरावांना मात्र १९५१ मध्ये भारत सरकारने महाराजपदावरून दूर केले. हजाऱ्यांचा मृत्यू १८ डिसेंबर २००४ चा, बडोद्यातच. आज देशातली प्रमुख एकदिवसीय स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते.

२९/
या कथेवरून संस्थानी काळाचे गोडवे गाणे चूक ठरेल. धर्म न पाहता खेळाडू नेमणारा राजा हौसेपोटी तसे करीत असे आणि त्या हौसेचा खर्च रयत सोसत असे. त्याच संस्थानांत प्रजा परिषदा आणि प्रजामंडळे जबाबदार राज्यपद्धतीसाठी झगडत होती. विलीनीकरण ही त्यांच्या लढ्याची फलश्रुती होती. सांगलीच्या, मिरजेच्या, कुपवाडच्या माणसाला मताचा अधिकार मिळाला तो संस्थान गेल्यानंतर.

३०/
परंतु तेवढ्याने दुसरी बाजू खोटी ठरत नाही. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हजाऱ्यांना गुल महंमदांबरोबर एका बाजूने खेळता आले नसते. त्यांची जागा त्यांच्या धर्माने ठरली असती. बडोद्यात ती त्यांच्या खेळाने ठरली. १९४७ मध्ये पंचरंगी रचना आधीच गेलेली होती आणि संस्थानी रचना जाण्याच्या वाटेवर होती. देशाची वाटणी अजून व्हायची होती. या तिन्हींच्या मधल्या अरुंद अवकाशात ती भागीदारी झाली. सहा महिने उशीर झाला असता तर तिचे काय झाले असते, कोण जाणे.

३१/
कोणत्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी भागीदारी हा मान ५७७ कडे ५९ वर्षे राहिला. जुलै २००६ मध्ये कोलंबोत कुमार संगकारा आणि महेला जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडून तो घेतला. पण पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधील चौथ्या गड्याच्या विक्रमापुढे आजही तीच दोन नावे आहेत. सांगली आणि लाहोर यांच्यामध्ये आता सीमा आहे, पासपोर्ट आहे, चार युद्धांचा इतिहास आहे. विक्रमांच्या तक्त्यात मात्र गुल महंमद आणि विजय हजारे एकाच ओळीत आहेत, आणि पुढे संघाचे नाव आहे : बडोदे.